मेंढरांच्या मागावर फौजेचा कागद

फौजेतून सुटून आलेला माणूस पुरता सुटलेला नसतो, हे मला लग्नात कुणी सांगितलं नाय. सात वर्षं नोकरी करून आमचे हे घरी आले, त्याच्या पुढच्या साली आमचं लग्न झालं. ह्यांचं नाव मी हयातीत कधी घेतलं नाय, इथंही घेणार नाय. मला वाटलं, नोकरी संपली, आता हा माणूस आपला. पण त्या जमान्यात घरी पाठवलेल्या शिपायांची नावं फौजेच्या वहीत तशीच राहायची. त्यांना रिझर्व म्हणायचे. घरी बसून शेती करा, मेंढरं वळा, तुमची मर्जी. एक-दोन सालाआड बोलावलं की जाऊन महिनाभर कवायत करून यायची. आणि लढाई लागून कागद आला, की हातातलं काम टाकून निघायचं. गावात तर त्यांना तशीच हाक मारायचे, "ओ रिझर्व, तंबाखू हाय का?" मला पहिलं वर्षभर वाटायचं, हा काहीतरी मोठा हुद्दा असंल. माहेरी जाऊन मी तसं सांगितलंही होतं, चारचौघींत, मान वर करून.

आमचं गाव करमाडच्या पुढं, जालन्याच्या रस्त्यापासून आत. मेंढरंवाल्यांची आठ-दहा घरं. दिवाळी झाली की माणसं कळप घेऊन बाहेर पडायची ती थेट पाऊसकाळाच्या तोंडाला परत. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याला खत मिळतं, तो दाणे देतो, आणि दोन-तीन रात्री झाल्या की वाडा उठून पुढच्या शेतात. वाडा म्हंजी चिरेबंदी घर नव्हं बरं का. जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, एक पाल, आणि सामान वाहायला घोडी. तेवढाच आमचा वाडा.

एकाहत्तरच्या साली वाड्यावर हे, माझा दीर आणि जाऊ असे तिघं गेले होते. मी मागं राहिले, कारण लेक अजून अंगावर पीत होती आणि सासऱ्यांचा पाय सुजून ते बाजेवर पडले होते. सासूही घरीच होती. माझं वय एकोणीस असंल, कमीच, जास्त नाय.

टपालवाला कागद घेऊन आला तो दुपारचा. इंग्रजीत होता, म्हणून शाळेतल्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी तो दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. मग बोटं मोजून म्हणाले, "टपालातच लई दिवस गेले. आजपासून पाच दिवसांत ह्यांनी औरंगाबादच्या स्टेशनातून गाडी धरली पाहिजे. नाही धरली तर फरार लिहितील."

सासरे बाजेवरून म्हणाले, "फरार म्हंजी?"

"म्हणजे पोलीस येतील, मामा."

"कुणाला न्यायला? तो तर इथं नाय."

"मग तुम्हाला विचारतील."

"मलाच न्या म्हणावं. पाय तरी सरकारी दवाखान्यात दाखवतील."

मास्तर हसले. मीही हसले असंन. सासू ज्वारी निवडत होती, तिनं मान वर केली नाय. सूपभर निवडून झाली तवा उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मी जाते. वाडा कुठं बसतो ते मला ठावं हाय."

"मी पण येते, आत्या."

"तू कामून?"

"लेकीला बाप दावते."

तोंडानं मी हे बोलले. पोटात दुसरं होतं. दोन आठवडे ह्यांना बघितलं नव्हतं, हे एक. आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला बोलले नाय, ते असं, की गावोगावच्या बाया विचारतील, कुठं चाललीस गं, आणि मी सांगंन, मालकाला लढाईचं बोलावणं आलंय. ते सांगताना मला कसं वाटंल, ह्याची मी घरातूनच चव घेत होते. कागद मी कनवटीला खोचला. मी चालत निघाले ती अशी.

सासूनं उगवतीकडची वाट धरली, जालन्याच्या अंगाची. मी म्हणाले, "आत्या, दर साली तर कळप पैठणच्या अंगाला जातो, नदीकडं."

"दर साली जातो म्हणून अवंदाही जातो का? लई शहाणी."

 ती पुढं, मी लेकीला पाठीला बांधून मागं. सासूचं वय तवा पन्नाशीच्या आतबाहेर, पण चाल अशी की तरण्या माणसाला दम लागावा. पहिला मुक्काम तिच्या लांबच्या नात्यात झाला. तिथं ती हसून बोलली, भाकरी थापू लागली, जात्यावर बसली. घाई असलेल्या माणसासारखी ती वागत नव्हती, पण माझ्या ध्यानात आलं नाय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही आणखी उगवतीकडंच गेलो. एका शेतात उठलेल्या वाड्याची जागा दिसली. सासू खाली वाकली, चिमूटभर लेंड्या उचलल्या, बघितल्या आणि म्हणाली, "हा आपलाच. काल उठलाय. चल पुढं."

आता माझा बापही मेंढरंवालाच होता. माहेरी मी एकटी पोरगी, भाऊ नाय, म्हणून चुकलेलं मेंढरू हुडकायला बाप मलाच संगट न्यायचा. काल उठलेल्या वाड्यातली लेंडी काळी असते, चमकते, पायाखाली दबते. ह्या लेंड्या राखाडी पडल्या होत्या, टाचेखाली करकर वाजत होत्या. आठ दिवसांच्या तरी असतील. मी कुंपणाच्या खुणेबाहेर जाऊन बघितलं. जिथं सामानाचं जनावर बांधलं होतं तिथली लीद घोडीची नव्हतीच, गाढवाची होती. आमच्या वाड्यावर गाढव कधी नव्हतं. सासूनं सारा जन्म वाड्यावर काढलेला. तिला घोडीची लीद आणि गाढवाची लीद कळत नाय असं कोण म्हणंल?

मी पुन्हा तिच्या मागं चालू लागले. अर्ध्या कोसावर एक बैलगाडी समोरून आली. सासू पुढं गेल्यावर मी गाडीवाल्याला विचारलं, "दादा, मिलिटरीचा कोट घालून मेंढरं वळणारा माणूस कुठं दिसला का?"

"कोटवाला? तो तर आडूळच्या शिवारात हाय की. आमच्या पाव्हण्यांच्या रानात वाडा बसलाय त्याचा. लेफ्ट-राइट करत मेंढरं हाकतो, सारं गाव बघायला जातं."

आडूळ म्हंजी मावळतीच्या अंगाला, बीडच्या रस्त्यावर. आम्ही नेमक्या उलट्या दिशेला दोन दिवस घालवले होते.

सासू एका बाभळीखाली थांबली होती. मी जाऊन समोर उभी राहिले. "आत्या, ते आडूळला हायेत."

"ठावं हाय."

"मग इकडं कामून आणलं?"

ती खाली बसली. "पाच दिस हिंडायचं. मग घरी जायाचं आणि म्हणायचं, सापडला नाय. मेंढका मानूस रानात कुठंबी ऱ्हातो. कोण हुडकील?"

"आणि मामांना धरून नेलं तर?"

"नेऊ दे म्हाताऱ्याला. चार दिस बसवतील, सोडतील."

"ह्यांना भगोडा म्हणतील, आत्या."

"म्हणू दे. भगोडा भाकरी खातो. भगोडा लेकरं खेळवतो."

मग तिनं मला तिच्या थोरल्या भावाचं सांगितलं. लग्नाला तीन वर्षं होऊन मी ते पहिल्यांदा ऐकत होते. तोही असाच इंग्रजाच्या फौजेत नोकरी करून घरी आलेला, रिझर्वच. आपल्याकडं तवा निजामाचं राज्य. दोन वर्षं घरी राहिला, मेंढरं वळली, लग्न केलं. मग दुनियेची मोठी लढाई लागली आणि ह्याला कागद आला. गेला तो समुद्रापल्याड, वाळूच्या मुलखात. तिकडून एकदा खजुराचं चित्र असलेलं कार्ड आलं. नंतर आलं ते 'बेपत्ता' लिहिलेलं.

"मेला म्हणून बी नाय आन जिता म्हणून बी नाय," सासू म्हणाली. "माझी भावजय वीस वर्षं बांगड्या भरत व्हती. संक्रांतीला बाया वाणाला यायच्या आन हिला कुंकू लावावं का नाय म्हणून एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. शेवटी ती संक्रांतीला घरात कडी लावून बसायची. तशीच मेली. सरणावर हिला हिरवं नेसवावं का पांढरं, ह्यावर भाऊबंदांत तकरार झाली."

आज हे लिहिताना माझा हात थांबतो. तवा मी थांबले नाय. एकोणीस वर्षांच्या पोरीला दुसऱ्याच्या वीस वर्षांचं काय वजन? मी म्हणाले, "ते इंग्रजाचं होतं. ही आपली फौज हाय." रेडिओवर ऐकलेलं वाक्य होतं ते.

लेकीला पाठीवर घट्ट बांधलं आणि मी मावळतीकडं वळले. मागून हाक आली, "पोरी, थांब. पाया पडते तुझ्या."

सासूनं सुनेला असं म्हणायचं, हे आमच्याकडं होत नाय. कुठंच होत नसंल. मी ऐकलं, स्पष्ट ऐकलं. आणि चालत राहिले.

ती मागून आली. पण जवळ नाय. शंभर पावलांचं अंतर तिनं धरलं ते सोडलं नाय. लेकीला पाजायला मी झाडाखाली बसले की तीही मागं तितक्याच लांब बसायची. मी उठले की उठायची. त्या दिवशीचा उरलेला आणि दुसऱ्या दिवशीचा अख्खा रस्ता आम्ही सासू-सुना तशाच चाललो. वाटेत एका बाईनं मला विचारलं, "कुठं गं?" मी सांगितलं. "मागं कोण म्हातारी?" मी म्हणाले, "सासू." तिनं न मागता लेकीच्या हातात गुळाचा खडा दिला.

चौथ्या दिवशी सकाळी वाडा दिसला. हे एका मेंढीला आडवी पाडून तिचा कुजलेला खूर खरवडत होते. अंगात तोच कोट. आम्हाला लांबून बघून ओरडले, "अरे, सगळी पलटणच आली की!" दीर हसला. जाऊ पालातून बाहेर आली आणि माझं तोंड बघून तिथंच उभी राहिली.

मी कागद दिला. ह्यांना फौजेत थोडं इंग्रजी यायला लागलं होतं. वाचला, हात कोटाला पुसले, पुन्हा वाचला. "आज तारीख काय?" दिरानं सांगितली. "म्हंजी उद्याची गाडी," हे म्हणाले. आणि मग पहिलं काम काय केलं, तर ती मेंढी अर्धवट पडली होती, तिचा खूर पुरा केला. औषध लावलं, फडकं बांधलं, सोडून दिली.

तोवर सासू पोचली होती.  ती सरळ सामानाच्या ढिगाकडं गेली आणि लोकर कातरायची मोठी कातर घेऊन आली. ह्यांच्यापुढं बसली.

"एक बोट दे. उजव्या हाताचं, बंदूक दाबायचं."

"माय, काय बोलतीस?"

"तुला दुखलेलं कळायचं बी नाय. ह्या हातानं हजारांनी मेंढरं कातरलीत. बोट नसलेला शिपाई फौजेला नको असतो. मेंढरं वळायला नऊ बोटं पुरतेत."

ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. भाजी चिरायला विळी मागावी तशी बोलत होती. जावेनं लेकीला माझ्या पाठीवरून काढून पालात नेलं. ह्यांनी सासूच्या हातातून कातर हळूच सोडवली आणि दिराकडं दिली. "माय, आमच्या टोळीतले सगळे येतील गं. मी नाय गेलो तर माझ्या जाग्यावर कुणाला तरी दोनदा पहारा द्यावा लागंल. तो मला शिव्या घालील."

"घालू दे."

 मग हे माझ्याकडं वळले. तीन वर्षांत चारचौघांसमोर ह्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तू काय म्हणतीस?"

सासू माझ्याकडं बघत होती. दीर बघत होता. मी 'नका जाऊ' म्हणाले असते तर हे राहिले असते का? फौजी माणूस, बहुतेक नसते राहिले. पण विचारलं होतं. विचारलं म्हंजी मनात दोन वाटा होत्या.

मी म्हणाले, "जावा की. लवकर जावा, लवकर या."

जत्रेला निघालेल्या माणसाला सांगावं तसं.

दुपारी बीडच्या रस्त्यावर एका ट्रकनं ह्यांना उचललं. कोट दिराला दिला, "फौज नवा देईल," म्हणाले. सासू रस्त्यावर आली नाय. ती तिथंच खुरड्या मेंढीपाशी बसून राहिली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाय. भाकरी वाढली तर खायची, पाणी मागायची ते लेकीच्या नावानं, "ए बाळे, पाणी आण म्हणावं." लढाई लागली तवा गावात एकच रेडिओ होता, पाटलाच्या ओसरीवर. बाया लांब उभ्या राहून ऐकायच्या. बारा-चौदा दिवसांत लढाई संपली. जिंकलो म्हणून गावात गूळ वाटला. आणि आठ दिवसांनी ह्यांचं पत्र आलं, खुशाल असल्याचं. मास्तरांनी वाचून दाखवलं. लिहिलं होतं की, पंजाबच्या अंगाला आहोत, लढाईच्या वक्ताला शेतांमधून सुरुंग पेरून ठेवलेत ते आता काढायचं काम दिलंय. रान लई चांगलं आहे, काळंभोर नाही पण ओलीचं, गव्हाचं. इथं मेंढरं बसवली तर शेतकरी पोत्यानं दाणे देईल.

सासूनं ते पत्र मास्तरांना पुन्हा वाचायला लावलं. मग उठून माझ्यापाशी आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझंच बरोबर व्हतं बाई. मी येडी." सात आठवड्यांनी तिचा शब्द माझ्या कानावर पडला. मी चुलीपाशी जाऊन रडले, आनंदानं. खंडोबाला नवसाचं नारळ तिनं त्याच दिवशी फोडलं.

तार आली ती शिमग्याच्या आधी. लढाई कधीच संपली होती. गव्हाच्या रानात सुरुंग काढताना एक उडाला, त्यात हे आणि दुसरा एक जण. नंतर ह्यांच्या सामानाची एक लोखंडी पेटी आली, आणि एका फौजी माणसानं मडक्यात अस्थी आणून दिल्या. बेपत्ता नव्हते, एवढं खरं. माझ्या बांगड्या त्याच दिवशी फोडल्या, कुणाला एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागलं नाय.

दहाव्यापर्यंत बाया भेटायला येत होत्या. त्यात ह्यांची एक चुलती होती, जीभ लई कडक. ती छाती पिटत म्हणाली, "रानात व्हता गं माझा वाघ! आडूळच्या रानात कोणत्या पोलिसाला सापडला असता? कोण गेलं व्हतं मरणाचा कागद घेऊन?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. चालत गेलेल्या दोघींना सगळ्यांनी बघितलं होतं, पण कागद कुणी दिला ते वाड्यावरच्यांनाच ठावं. माझ्या तोंडात पदराचा बोळा होता.

सासू भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटूनच म्हणाली, "मी गेले व्हते. सून नुसती संगट व्हती, लेकराला घेऊन. कागद मी दिला."

चुलतीनं तिला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. सासू ऐकत राहिली. दिरानं मान खाली घातली, जावेनं माझा हात धरला. मी पदर तोंडातून काढला नाय.

तिथून ती गोष्ट गावभर झाली, आणि मग तिला दुसरंच रूप आलं. पाच-सात वर्षांनी शाळेत झेंडावंदनाला सासूला बोलावलं. नव्या मास्तरांनी भाषण केलं, की ह्या माउलीनं पोटच्या लेकाला चार दिवस पायपीट करून हुडकलं आणि आपल्या हातानं देशासाठी धाडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात झेंडूचा हार घालून ती खुर्चीवर बसली होती. तिला खुर्चीवर बसायची सवय नव्हती, पाय लोंबत होते. मी खाली सतरंजीवर, पोरांच्या मागं.

घरी येताना मी म्हणाले, "आत्या, मी सांगून टाकते सगळ्यांना."

तिनं हार काढून वाटेतल्या शेळीपुढं टाकला. "काय सांगतीस? गप ऱ्हा. तुझी लेक शाळेत बसली होती समोर. बाप तर नाय तिला. असं ऐकलं तर माय बी ऱ्हायची नाय."

 त्यानंतर सासू लई वर्षं जगली, आणि हे आमच्यात पुन्हा निघालं नाय.

लिहाय-वाचायला मी लेकीच्या पाटीवरच शिकले, ती पहिलीत होती तवा. शाळा मी कधी बघितली नाय. आता लेक पंचावन्नची झाली. मी तिच्याकडंच असते, सिडकोत. शहराचं नाव बदललं, करमाडपर्यंत कारखाने आले, वाळूजच्या बसा भरून पोरं कामाला जातात. मागल्या साली शहरात लढाईच्या भोंग्याची तालीम झाली. टीव्हीवर सगळे ओरडत होते. शेजारचा एक पोरगा कारखान्यात नोकरी करून अशाच राखीव फौजेत आहे, त्याला बोलावणं येईल अशी कुणकुण होती. त्याची आई घाबरून आमच्याकडं आली. माझ्या लेकीनं तिला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि धीर द्यायला म्हणून सांगितलं, "अहो, माझी आजी तर स्वतः चालत गेली होती माझ्या वडिलांना बोलवायला. असं काळीज पाहिजे."

ती बाई माझ्याकडं बघायला लागली, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी उठून आत गेले.

त्या पोराला शेवटी बोलावणं आलं नाय, त्याच्या आईनं पेढे वाटले. पण माझ्या लेकीचं ते वाक्य माझ्या कानातून जाईना. सासूनं माझ्या लेकीसाठी जे अंगावर घेतलं, त्याचं माझ्या लेकीनं काळीज केलं. कातर घेऊन बसलेली ती बाई तिला कुणी दाखवलीच नाय. 'पाया पडते' म्हणणारीही नाय. मी रोज दुपारी थोडं थोडं लिहीत गेले, त्याला चार महिने लागले.

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझी लेकच दुरुस्त करते. काही लिहिलं की वही तिच्याकडं देते, ती लाल पेन घेऊन बसते. ही वही आज सकाळी दिली, एवढं शेवटचं मी सुट्या कागदावर लिहितेय. दुपारचं जेवण झालं, ती तिच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. चहाची वेळ होऊन गेली. अजून बाहेर आलेली नाय.